गोरम म्हणजे नुसतं निळं नव्हे

सोमवारी सकाळी ऑयरिक पाठीवर टोपली टाकून रंगासाठी दगडफूल खरवडायला डोंगराकडे निघाली, आणि गावाच्या वरच्या अंगाला, पायवाटेच्या ऐन मधोमध, तिला एक लाकडी खांब आडवा आला. त्याच्या पलीकडे दुसरा, मग तिसरा. असे नऊ खांब होते, आणि दहाव्यासाठी खड्डा खणून ठेवलेला होता. शेजारी तारेचं भेंडोळं पडलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती याच वाटेने उतरली होती, तेव्हा इथे काही नव्हतं. म्हणजे खांब रविवारी पुरले होते. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर रविवारी कुणी पाणीसुद्धा भरत नाही, शनिवारीच भरून ठेवतात. हे काम बाहेरून आणलेल्या माणसांचं होतं, आणि टोबल गाव चर्चमध्ये बसलंय हे पाहून उरकलेलं होतं.

ऑयरिक तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. घरात माग, दाराशी लोकर रंगवायचा तीन पायांचा हंडा, गोठ्यात एक गाय. अंगाने काटक, आणि एकदा मनात घेतलं की घेतलं. तिने टोपली खाली ठेवली, पहिल्या खांबाला मिठी मारली आणि तो गदागदा हलवायला लागली. डोंगरावरची जमीन म्हणजे सगळं पीट, चुलीत जाळायची ती काळी, ओलसर माती. तिच्यात पुरलेला नवा खांब असा किती धरून राहणार? किडक्या दाढेसारखा हातात आला. दुपारपर्यंत नऊच्या नऊ खांब उपटून झाले. टोपलीच्या दोरीने दोन-दोन बांधून, ओढत नेऊन, तिने ते जमीनमालकाच्या इस्टेटच्या कारभाऱ्याच्या दारात नीट रचून ठेवले.

कारभारी डॅलग्लीश जेवणावरून उठून बाहेर आला. "हे काय चाललंय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

ऑयरिकला इंग्रजी सगळं कळायचं, पण कारभाऱ्याशी ती त्या भाषेतला एक शब्द बोलत नसे. त्याच्या घरी स्वयंपाकाला तिची भावजय होती, बेहाक. ती मागोमाग पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत आली.

"बेहाक, त्याला सांग," ऑयरिक आपल्या गेलिक भाषेत म्हणाली, "तुझे खांब आमच्या डोंगरावर हरवले होते. आणून दिलेत. आपल्या वस्तू जरा सांभाळून ठेवत जा म्हणावं."

बेहाकने घसा साफ केला. "ती म्हणतेय साहेब, हे तुमचे वाटेत पडले होते."

आठवड्याच्या आत गावाला पत्र आलं. पुन्हा खांबांना हात लावला तर पोलीस, हे होतंच. पण खरी गोष्ट पुढे होती. सत्तर वर्षांपूर्वी तेव्हाच्या मालकाने टोबलच्या लोकांशी एक करार केला होता, इंग्रजीत. त्यातलं एक वाक्य पत्रात उतरवलं होतं: टोबलच्या लोकांनी आपली गुरं निळ्या खोऱ्यापर्यंत चारावीत. हे निळं खोरं म्हणजे गावाच्या वर अर्ध्या मैलावर, निळ्या पाण्याचं छोटं तळं आहे ते, असं इस्टेटचं म्हणणं. त्याच्या पलीकडचा सगळा डोंगर मालकाचा, तिथे शिकारीसाठी हरणं राखायची होती.

पत्र लाखलनच्या स्वयंपाकघरात वाचलं गेलं. गावाच्या गायरानाचं तोच पाहायचा, आणि चर्चमधलाही तो वडीलधारा माणूस. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला.

"निळं खोरं?" बेहाक म्हणाली. "असं खोरं आहे तरी कुठे?"

"लाक गोरम," ऑयरिक म्हणाली. "कुणीतरी लाक गोरमचं इंग्रजी केलंय."

लाक म्हणजे खोरं. लाक गोरम डोंगरात दोन तासांच्या चढावर होतं. गावाच्या उन्हाळी झोपड्या तिथल्या. गुडघाभर गवत तिथलं. लहानपणी ऑयरिकने अकरा उन्हाळे तिथे गाईंबरोबर काढले होते. त्यांच्या बोलीत गोरम हा समुद्राचा रंग, खलाशाच्या लोकरी बनियनचा रंग, आणि तोच दाट, रसरशीत, काळपट हिरव्या गवताचाही. विरळ, फिकट गवताला वेगळा शब्द, ग्लस. रंगवलेल्या दाराच्या नाहीतर रिबिनीच्या हिरव्याला आणखी वेगळा, उआन्य. पण दार कुठली गाय खात नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने कुणाला तरी जागेचं नाव विचारलं असणार, शब्दकोश उघडला असणार, गोरमसमोर 'निळं' दिसलं असणार, आणि ते लिहून तो मोकळा झाला असणार.

"लाक गोरम गेलं तर गुरं उन्हाळ्यात कुठे न्यायची?" बेहाकने विचारलं.

"आपण नीट समजावून सांगू," लाखलन म्हणाला. "पण ऑयरिक, आधी तू जाऊन माफी मागून ये. नऊ खांब उपटलेस, शोभतं का हे? या वयात?"

"कोणाची माफी? रविवारी खांब पुरणाऱ्याची?"

लाखलनने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "रविवारी?"

"शनिवारी नव्हते, सोमवारी होते. तूच सांग मधे कोणता वार येतो."

त्यानंतर लाखलनने माफीचं नाव काढलं नाही.

बरीच पत्रापत्री झाली आणि शेवटी दोन्ही बाजूंनी एक लवाद कबूल केला: एडिंबऱ्याचे रिंटूल नावाचे निवृत्त न्यायाधीश. जून महिन्यात ते आले आणि टोबलच्या शाळेत, मुलांच्या बाकांवर बसून, सुनावणी सुरू झाली. इस्टेटचा वकील होता लॉरिमर, तरतरीत, बोलण्यात गोड. दुभाषा म्हणून आयव्हर नावाचा तरुण मुख्य भूमीवरून आणला होता.

"साक्षीदार बाईंना इंग्रजी वाचता येतं असं मी ऐकतो," लॉरिमर म्हणाला. "मग दुभाषा कशाला?"

"वाचते की," ऑयरिक गेलिकमध्ये म्हणाली. "पण डोंगराचं नाव इंग्रजीत ठेवलेलं नाही. साक्षही इंग्रजीत देणार नाही."

"बरं. गोरम म्हणजे काय?"

"निळं," आयव्हरने परस्परच सांगून टाकलं.

"समुद्र कोणत्या रंगाचा?"

"गोरम," ऑयरिक म्हणाली.

"आणि गवत?"

"चांगलं गवत गोरम."

लॉरिमर लवादांकडे वळून हसला. "म्हणजे यांच्या भाषेला निळ्या आणि हिरव्यातला फरकच कळत नाही."

पुढच्या बाकावर कारभारी आणि इस्टेटची माणसं हसली. ऑयरिकला हे हसणं ओळखीचं होतं. याच खोलीत, सात वर्षांची असताना, बाईंनी शेताचं चित्र दाखवून विचारलं होतं, रंग कोणता? तिने मनात गोरम म्हटलं, त्याचं इंग्रजी जुळवलं आणि मोठ्या उत्साहाने 'निळा' म्हणून सांगितलं. हातावर चामड्याच्या पट्ट्याचे सहा फटके बसले, आणि 'निळं गवत' हे नाव पडलं ते पाच वर्षं गेलं नाही. नंतर ती हट्टाने इंग्रजी शिकली. शेजाऱ्याचं कुत्रं कुठल्या बाजूने चावतं ते माहीत असलेलं बरं, तसं.

आता तिच्या तळहाताला खरोखरच चुरचुरल्यासारखं झालं. ती उभी राहिली.

"आयव्हर, त्यांना विचार. माझ्या भावजयीच्या केसांचा रंग इंग्रजीत काय?"

मागच्या बाकावर बेहाकने डोक्यावरचा रुमाल काढला. पन्नाशीतही तिचे केस गंजलेल्या लोखंडासारखे होते.

"लाल," लॉरिमर म्हणाला.

"आणि रक्ताचा?"

"तोही लालच."

"मग वाटेत बेहाक भेटली की हे घाबरून तिच्या डोक्याला पट्टी बांधत असतील," ऑयरिक म्हणाली. "आमच्याकडे केसांचा लाल वेगळा, रक्ताचा लाल वेगळा. दोघांना दोन शब्द. विचार, आता फरक कुणाला कळत नाही?"

आयव्हरचं भाषांतर पुरं व्हायच्या आतच शाळा हसण्याने दणाणली. रिंटूलसाहेबांनी मिशीवर बोट ठेवलं.

"आणखी एक," ऑयरिक म्हणाली. "डोंगराचा रंग शाळेत बसून ठरत नाही. साहेबांना पाय आहेत ना?"

रिंटूल सत्तरीचे होते. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या आठ वाजता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव त्यांच्यामागून चढलं. ऑयरिकने रात्रभर ढग यावेत म्हणून वाट पाहिली होती, पण आभाळ लख्ख निघालं. अर्ध्या मैलावरच्या खोऱ्यात पोचले तर तळं असं निळंशार चमकत होतं की लॉरिमरने टोपीच काढली.

"मला वाटतं, यापुढे बोलायची गरज नाही," तो म्हणाला.

गावातले लोकसुद्धा पाण्याकडेच पाहत राहिले.

"तुम्ही या जागेला काय म्हणता?" रिंटूलनी विचारलं.

"लाक ओअर."

"ओअर म्हणजे?"

आयव्हरने पायाखालच्या गवताकडे पाहिलं. "मळकट. पिवळट तपकिरी. इथल्या वाळक्या गवताचा आहे ना, तो रंग."

"पाणी आज निळं आहे," ऑयरिक म्हणाली. "उद्या आभाळ भरलं की काळं होईल. तो आभाळाचा रंग, त्यावरून जागेला नाव कोण ठेवील? गवत बघा. मेमध्येही असंच, ऑगस्टमध्येही असंच."

"हे नाव कुठल्याही कागदावर नाही," लॉरिमर म्हणाला. "कालच्या रात्रीत तयार झालेलं दिसतंय."

ऑयरिकला एकदम संताप आला. खोटारडी म्हणून आजवर तिला कुणी हिणवलं नव्हतं. आणि त्या संतापातच तिला एक गोष्ट खटकली. पत्रात करारातलं एकच वाक्य होतं. बाकीचा कागद गावातल्या कुणीही डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"अख्खा कागद वाचा," ती म्हणाली. "इथे, सगळ्यांसमोर."

"त्याचा या वादाशी संबंध नाही," लॉरिमर म्हणाला.

"वाचा," रिंटूल म्हणाले.

लॉरिमरने चामडी पिशवीतून कागद काढला आणि भरभर, कंटाळल्यासारखा वाचायला लागला. किनाऱ्यावरचं शेवाळ खतासाठी न्यावं. पडावाला जागा असावी. टोबलच्या लोकांनी जळणाचं पीट डन खोऱ्यातून काढावं. गुरं निळ्या खोऱ्यापर्यंत—

"थांबा," ऑयरिक म्हणाली. "हे डन खोरं कुठलं?"

"सोपं आहे," लॉरिमर म्हणाला. "तुमच्या गावाखाली समुद्राला लागून पडका किल्ला आहे. किल्ल्याला गेलिकमध्ये डून म्हणतात, लिहिताना इंग्रजी अक्षरं तीच. म्हणजे डून खोरं, किल्ल्याखालची जागा. तुमची भाषा आम्हीही थोडी शिकलो आहोत, बाई."

कारभाऱ्याने मान डोलावली. आधी बेहाक, मग लाखलन, मग सगळं गावच हसायला लागलं. लाखलनला तर खाली बसावं लागलं. ऑयरिक हसली नाही. ती सरळ रिंटूलसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच, सावकाश, नीट इंग्रजीत बोलली.

"साहेब, किल्ल्याखाली वाळू आहे. भरतीला तिथे कमरेएवढं पाणी असतं. तिथे पीट कोण खणत होतं? खेकडे?"

लॉरिमर तोंड उघडणार होता. रिंटूलनी हात वर केला.

"डन हा गेलिक शब्द नाही, तुमचाच आहे," ऑयरिक म्हणाली. "घोड्याला म्हणता, गाईला म्हणता. मळकट तपकिरी रंग. ज्या कारकुनाने गोरमचं निळं केलं, त्यानेच ओअरचं डन केलं. दोन्ही नावं त्याने इंग्रजीत नेली. हा गृहस्थ त्यातलं एक इंग्रजीत वाचतोय आणि दुसरं गेलिकमध्ये. जसं सोयीचं पडेल तसं."

"आणि पीट?" रिंटूलनी विचारलं.

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

साहेबांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही बाजूंना पीट कापून कापून झालेल्या काळ्या पायऱ्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. काठावर यंदाच्या लाद्या वाळत रचलेल्या होत्या.

"कारभारीसाहेबांच्या चुलीत हेच पीट जळतं," बेहाक मागून ओरडली. "मीच घालते!"

"म्हणजे डन खोरं हे," ऑयरिक म्हणाली. "मग निळं खोरं दुसरं. एका कागदात एका जागेला दोन नावं कोण देतं?"

रिंटूल दुभाष्याकडे वळले. आयव्हरचे कान लाल झाले होते. "ओअर म्हणजे डनच, साहेब. शंका नाही. आणि काल मी गोरमचं अर्धंच भाषांतर केलं. माझी आजी गवताला गोरमच म्हणायची. मला पुस्तकातला शब्द आधी आठवला."

पुढचा दीड तासाचा चढही साहेब चढले. वर लाक गोरममध्ये दगडी झोपड्यांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या, आणि त्या भिंतींना टेकून, ओढ्याच्या दोन्ही काठांनी, गवत गर्द दाटलं होतं. साहेबांनी एक काडी तोडून दातांत धरली.

"एडिंबऱ्यात मी याला हिरवं म्हणेन," ते म्हणाले.

"खुशाल म्हणा," ऑयरिक म्हणाली. "कुंपण तेवढं घालू नका."

तीन आठवड्यांनी निकाल आला. टोबल गाव जिंकलं होतं. लाखलनच्या घरी चहा, ओटची भाकरी आणि खारवलेली हेरिंग मासळी मांडली होती, आणि सह्या करायला सगळे जमले होते. गावाच्या वतीने तिघांच्या आणि साक्षीदार म्हणून ऑयरिकची, अशा चार सह्या दहा दिवसांत पाठवायच्या होत्या. ऑयरिकने कागद वाचला आणि लेखणी खाली ठेवली.

"यात अजून निळं खोरंच लिहिलंय. 'निळं खोरं, म्हणजे वरचं.'"

"अगं, वरचं म्हटलंय ना!" लाखलन म्हणाला. "जिंकलोय आपण, बाई. सही कर."

"कशाच्या वरचं? सत्तर वर्षांनी दुसरा कुणी लॉरिमर येईल आणि विचारील, कशाच्या वरचं? तेव्हा मी नसेन, बेहाक नसेल. लाक गोरम लिहा. लाक ओअर लिहा. मग करते."

"दहा दिवसांत गेलं नाही तर इस्टेट मागे फिरेल. कळतंय का तुला?"

"कळतंय."

ती उठून घरी गेली. त्या आठवड्यात दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कुणीतरी तिच्या कानावर जाईल असं म्हणालं की हिची एकच गाय, हिला काय जातंय. ऑयरिक मागावर बसून राहिली. धागा सारखा तुटत होता. सातव्या दिवशी बेहाक येऊन दारात उभी राहिली.

"खरं सांग. हे गावासाठी करतेयस की हट्टापायी?"

"दोन्हीसाठी," ऑयरिक म्हणाली. "मला ते वेगळं काढता येत नाही, बेहाक. मी बघितलं काढून."

बेहाक आत आली, बाकावर बसली आणि तुटलेला धागा जोडायला लागली. "रिंटूलसाहेबाला पत्र तरी लिही. नुसती बसून काय राहतेस?"

ऑयरिकने त्याच दिवशी लिहिलं, एकच पान, इंग्रजीत. आमची बाजू खरी म्हणून तुम्हीच लिहून दिलंत, मग आमचं नाव खरं म्हणून का लिहीत नाही, एवढंच विचारलं. नवव्या दिवशी लाखलन आला. त्याच्या हातात तो कागद होता आणि त्यावर एकही सही नव्हती, त्याची स्वतःचीसुद्धा.

"तुझं पटलं म्हणून नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या सहीशिवाय माझी करायला हात होईना."

मुदत टळली. इस्टेट मागे फिरली नाही. तिच्या वकिलाला ते प्रकरण एकदाचं मिटवायचं होतं. ऑगस्टमध्ये नवा कागद आला. त्यात लाक गोरम आणि लाक ओअर ही नावं जशीच्या तशी होती आणि कुठलं कुठे ते पुढे स्पष्ट लिहिलं होतं. शेवटी मात्र एक कलम वाढवलं होतं: साक्षीदार यूफेमिया यांना खांब उपटल्याबद्दल खेद आहे.

"कर बाई आता सही," लाखलन म्हणाला. "एवढं तर—"

ऑयरिकने लेखणी घेतली आणि त्या कलमावर पट्टी धरून सरळ रेघ मारली. मग यूफेमिया या नावावर दुसरी. सरकारदरबारी तिला जन्मापासून तेच नाव लावलं होतं, आणि त्या नावाच्या हाकेला तिने आयुष्यात कधी ओ दिली नव्हती. खाली तिने गेलिक अक्षरांत, बापाच्या नावासकट, आपलं नाव लिहिलं. लाखलनने डोळे मिटून घेतले. कागद तसाच गेला, आणि तशाच कागदावर इस्टेटची सही होऊन परत आला.

पुढच्या मेमध्ये गावाची गुरं वर गेली. एका झोपडीवर नवं छप्पर घालून ऑयरिकही गेली, बऱ्याच वर्षांनी. जुलैत स्टॉर्नोवेच्या कापडव्यापाऱ्याचं पत्र बेहाकने वर आणून दिलं: ट्वीड कधी मिळेल? ऑयरिकने त्याच पाकिटाच्या मागे उत्तर लिहिलं: इथलं गवत गोरम आहे तोवर मी वर आहे, ग्लस झालं की उतरेन. व्यापारी बेटावरचाच होता. त्याने सप्टेंबरच्या अखेरीला गाडी पाठवली.